तळवे दाखवा

दिंडोशी डेपोतून सुटलेल्या बसमध्ये वरची दांडी धरायला हात उचलला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. कॉलरबोन छातीच्या हाडाला जिथे मिळतं, तिथे ठणका लागला होता. महिनाभरात तिथे सुपारीएवढा टणक फुगवटा आला.

हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय करून घेतला. हाड आतून सुजलेलं. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय टीबीचा येतो. दुसरा संशय घरात कुणी बोलून दाखवला नाही, पण नागरी निवाऱ्यातल्या आमच्या घरी आई देवापुढून उठेना, त्यावरून मला कळला. हाडाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, टीबीचे जंतूही सापडले नाहीत. तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. चार महिने घेतल्या. लघवी केशरी व्हायची, ठणका तसाच.

तळहातांवर मात्र तीन वर्षांपासून पुवाचे बारीक फोड यायचे, सुकायचे, सालपटं निघायची. त्याचे डॉक्टर वेगळे, फाइल वेगळी. भांड्यांच्या साबणाने होतं असं मी धरून चालले होते. हाडांच्या डॉक्टरांना ते सांगायचं मला सुचलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले. बाईंनी एमआरआय बघितला आणि म्हणाल्या, "तळवे दाखवा. पायांचेही."

मग बोन स्कॅन झाला. शिरेतून किरणोत्सारी औषध दिलं आणि तीनेक तास बसवून ठेवलं. दाह असलेलं हाड ते जास्त ओढून घेतं. चित्रात दोन्ही बाजूंचे सांधे शिंगांसारखे आणि मधलं हाड कपाळासारखं उठून दिसत होतं. हुबेहूब बैलाचं डोकं. या आजाराची ती खूणच आहे.

आजाराचं नाव साफो. 1987 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी ठेवलेलं; त्यातली अक्षरं आज पाच लक्षणांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं मानली जातात: सांध्याच्या अस्तराची सूज, मुरूम, पुवाचे फोड, हाडाची जास्तीची वाढ आणि हाडाचा दाह. फोडांतला पू जंतूंचा नसतो. नेमकं निदान करणारी रक्ततपासणी नाही. कातडी आणि हाड एकत्र बघणं, हाच मार्ग.

टीबीच्या गोळ्या थांबल्या, दाह कमी करणारी औषधं सुरू झाली. आजार अधूनमधून डोकं वर काढतो, पण बसची दांडी आता धरता येते.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या फायली न्या. "याचा त्याच्याशी काय संबंध" हे आपण ठरवू नये.