दोन किल्ल्या

मी बँकेत लागले तेव्हा स्ट्राँगरूमची एक किल्ली हेड कॅशिअरकडे असायची, दुसरी अकाउंटंटकडे. एकाच किल्लीने तिजोरी उघडत नसे. रजेवर जाताना किल्ली नुसती हातात ठेवून चालायचं नाही. रजिस्टरात वेळ लिहून देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. डुप्लिकेट किल्ल्या तर सीलबंद पाकिटात दुसऱ्याच शाखेत.

आमचे हेड कॅशिअर पापभीरू गृहस्थ. कॅश जुळेपर्यंत डबा न उघडणारे. नवा अकाउंटंट एकदा म्हणाला, "काका, माझीही किल्ली ठेवा तुमच्याकडे, मी चहा पिऊन येतो." काका असे तडकले! "उद्या एक बंडल कमी भरलं तर जबाब मी एकट्याने द्यायचा का?" त्या कुलपाची खरी राखण कोणासाठी होती ते मला तेव्हा उमगलं. चोरासाठी होतीच, पण काकांसारख्यांवर आळ येऊ नये म्हणूनही.

संगणक आले आणि ही शिस्त बघता बघता ढिली पडली. किल्ली दिली की आपला हात रिकामा होतो. पासवर्ड दिला तरी तो आपल्याकडे उरतोच, म्हणून काही दिल्यासारखं वाटत नाही. एन्ट्री एकाने करायची आणि दुसऱ्याने तपासून पास करायची, हा नियम तिथेही होता. पण काउंटरवर रांग आणि ऑफिसर जेवायला, मग त्यांचा पासवर्ड क्लार्कला पाठ. दर महिन्याला बदला म्हटलं की 'गणेश'पुढचा आकडा तेवढा वाढायचा. (अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने 2017 मध्ये ही मुदतीची सक्तीच नको म्हणून सांगितलं. आमच्या गणपतीला ते आधीच ठाऊक असावं.)

फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेची यंत्रणा चोरांच्या हाती लागली. तिथून न्यूयॉर्कला पैसे वळते करण्याचे रीतसर दिसणारे संदेश गेले, जवळजवळ 1 अब्ज डॉलरचे. 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपिन्सला पोचलेही. श्रीलंकेच्या एका संस्थेच्या नावाने निघालेले 2 कोटी मात्र अडले, कारण 'फाउंडेशन'चं स्पेलिंग चुकलं होतं. मधल्या एका बँकेत कोणाला तरी ते खटकलं आणि त्याने उलट विचारलं. काका असते तर त्याला स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ दिलं असतं.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना कार्डावर न छापलेली आणखी एक ओळख सक्तीची केली. पुढे घरोघर ओटीपी आला. सामान्य माणसाच्या हाती दुसरी किल्ली आली खरी, पण दोन्ही एकाच फोनमध्ये. सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी लग्नपत्रिका आली, नावाच्या शेवटी 'एपीके'. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप. ते बसवून परवानग्या दिल्या की आलेला ओटीपी तिकडे परस्पर वाचला जातो. वधूवरांची नावं ओळखीची नव्हती, तरी दोघातिघांनी "हार्दिक शुभेच्छा" टाकलेल्या.

माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. तिची कंपनी अधूनमधून स्वतःच खोटे मेल पाठवून लोकांची परीक्षा घेते. "मावशी, मेल साहेबांच्या नावाने होता. मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, गिफ्ट कार्डं घेऊन नंबर पाठव." निम्मी टीम फसली म्हणे. मेल विचित्र आहे हे पुष्कळांना कळलं होतं. साहेबांना उलट फोन करायचा कसा, याचीच भीड पडली. मला हा शिक्षणाचा प्रश्न वाटतच नाही. पोरं हुशार आहेत, पण वरिष्ठाला "खरंच तुम्हीच का?" विचारणं त्यांना उद्धटपणा वाटतो. ती भीड घालवणं पोरांचं नव्हे, साहेबांचं काम.

घरी मी काकांचा कायदा लागू केला आहे. कोणीही घाईने पैसे मागितले, आवाज ओळखीचा असला तरी, फोन ठेवायचा, आपल्याकडे असलेल्या नंबरवर आपण फोन करायचा आणि घरातल्या आणखी एकाला सांगितल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. धाकट्या दिरांनी मध्यंतरी खरोखरच हॉस्पिटलमधून फोन केला, तेव्हा मी तो ठेवून त्यांना परत लावला. पैसे पाच मिनिटांत गेले. जाऊबाई मात्र अजून धुसफुसतात, "सख्ख्या दिराची खातरजमा केली हो वहिनींनी!"