साक्षीदार नसलेली रात्र

हेर आणि भूत यांचे सहसा जमत नाही. भुताचे अस्तित्व मान्य केले की बंद खोलीचे रहस्य उरत नाही. आणि रहस्य उलगडले की भुताला खोली सोडावी लागते. आर्थर कॉनन डॉयल यांनी हा नियम स्वतःच्या श्रद्धेला बाजूस ठेवून पाळला. उत्तरायुष्यात ते परलोकविद्येचे जाहीर पुरस्कर्ते झाले. परंतु १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ससेक्समधील रक्तपिशाचाच्या कथेत त्यांचा शेरलॉक होम्स भुताखेतांना आपला उंबरठा ओलांडू देत नाही.

मराठी वाचकाच्या कपाटातही हे दोन कप्पे वेगळेच राहिले. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड माणसांच्या गुन्ह्यांमागे धावले. नारायण धारपांचे समर्थ अमानुषाशी झुंजले. पण तेथे ‘ते आहे की नाही’ हा प्रश्न फारसा उरत नाही, ते परतवावे कसे हाच खरा प्रश्न असतो. ह्या दोन कप्प्यांच्या मधल्या फळीवर उभे राहून जो लिहितो, त्याची कसोटी अधिक अवघड होय.

शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) अशा फळीवर उभे होते. त्यांच्या लेखणीची दोन माणसे वाचकांना परिचित आहेत. एक बरदा, भुताच्या गोष्टी रंगवून सांगणारा आणि त्यांवर विश्वास असणारा. दुसरा ब्योमकेश बक्षी, १९३२ साली अवतरलेला, स्वतःला ‘डिटेक्टिव्ह’ न म्हणवता ‘सत्यान्वेषी’ म्हणवणारा. ‘ब्योमकेश ओ बरदा’ ह्या कथेत लेखकाने दोघांची मुंगेर येथे गाठ घालून दिली. एका जवाहिऱ्याचा खून झालेले घर, त्यात राहावयास आलेला भाडेकरू, आणि रात्री खिडकीशी दिसणारी आकृती. बरदाला जे प्रेत वाटते त्यामागे ब्योमकेशला माणसाचा हात आणि माणसाचा लोभ सापडतो. ही हकीकत सांगतो तो अजित, ब्योमकेशचा सोबती. तर्काचा जय झाला, आणि तो पाहावयास साक्षीदारही हजर होता.

त्यानंतर काही वर्षांनी शरदिंदु मुंबईस आले, चित्रपटांसाठी लिहू लागले, आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. सह्याद्रीच्या सान्निध्यात राहणाऱ्या ह्या लेखकाने ‘शैलरहस्य’ लिहिले तेव्हा ब्योमकेशला महाबळेश्वरास धाडले. थंडीचे दिवस, ओस पडलेले हॉटेल, आणि रात्री खोलीत जाणवणारे कोणाचे तरी अस्तित्व. वाचक मुंगेरच्या अनुभवाने शहाणा झालेला असतो. तो माणसाच्या हाताची वाट पाहू लागतो. येथे खून माणसानेच केलेला आहे. परंतु भूत मात्र कोणाचे सोंग ठरत नाही.

ही लेखकाची चूक किंवा लहर समजून पुढे जाणे सोपे आहे. पण कथेच्या घडणीकडे पाहिले की वेगळेच काही दिसते. अजित ह्या वेळी बरोबर नाही. तो कलकत्त्यात आहे. महाबळेश्वरची हकीकत ब्योमकेशने त्याला लिहिलेल्या दीर्घ पत्रातून येते. ज्याच्या कर्तृत्वाची कथा नेहमी दुसऱ्याने सांगावयाची, त्याला येथे स्वतः लेखणी धरावी लागते. सोबती जवळ असेतो भूत आले नाही. हेर एकटा पडला आणि ते आले.

ही जुळणी केवळ योगायोगाची नव्हे, असे ह्या प्रकारातील इतर लेखन पाहता वाटू लागते. विल्यम होप हॉजसन ह्यांच्या कार्नाकीच्या कथा १९१० पासून छापल्या जाऊ लागल्या. हा लंडनचा पिशाच-शोधक निर्वात नळ्यांच्या विद्युत्-वर्तुळात बसून रात्र काढतो. कधी त्याला लबाडी सापडते, कधी खरेच काही अमानुष, तर एखाद्या कथेत दोन्ही. मात्र हे सारे तो घरी परतल्यावर, भोजनानंतर, चार मित्रांना सांगतो. भीती तोवर संपलेली असते, ऐकणारे समोर असतात. याउलट विल्यम योर्ट्सबर्ग ह्यांच्या १९७८ सालच्या ‘फॉलिंग एंजल’ मध्ये न्यू यॉर्कचा खासगी हेर हॅरी एंजल आपली कथा आपणच सांगतो. त्याला ना सोबती, ना मित्रांची पंगत. एका बेपत्ता गायकाचा शोध घेण्याचे काम तो पत्करतो. काम देणाऱ्याच्या नावातच सैतान दडलेला आहे. आणि अखेर ज्याला शोधावयाचे तो मनुष्य आपणच, हे त्याला उमगते. महानगरातील काळोखी हेरकथा आणि भयकथा तेथे एकरूप होतात, कारण ‘तू चुकतो आहेस’ असे सांगणारे दुसरे कोणी त्या अंधारात उरलेलेच नसते.

कार्नाकीचा ऐकणारा समोर आहे, एंजलचा ऐकणारा नाही. ब्योमकेशचा आहे, पण दूर. म्हणूनच त्या पत्राला मोल आहे. ब्योमकेश गप्प राहू शकला असता. भूत न्यायालयात साक्ष देत नाही. आरोप सिद्ध करावयाचा तर माणसांतच फिरून पुरावा गोळा करावा लागतो. खोलीतल्या त्या रात्रीचा उल्लेख गाळला असता तर त्याच्या लौकिकाला बाध आला नसता आणि कोणाला कळलेही नसते. तरीही त्याने लिहिले, आणि तेही ज्याच्या दृष्टीने आपण तर्काचे मूर्तिमंत रूप आहोत अशा मित्राला.

मुंगेरला भूत खोटे ठरले तेव्हा सत्यान्वेषीची बुद्धी दिसली. महाबळेश्वरला त्याच्या बिरुदाची परीक्षा झाली. आपल्या पद्धतीत बसते तेवढेच सत्य सांगणारा हेर कुशल असेल. न बसणारेही जो टपालात टाकतो, तोच त्या बिरुदाला पात्र.