पाणी कुठलं?

जानेवारी २०२५. पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या खाणावळीत तेव्हा पंचेचाळीस मुलं जेवत होती. त्यातल्या दोघांना एकाच दिवशी जुलाब लागले. एरवी मी ताकभात पाठवला असता, मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलं असतं आणि दोन दिवस वाट पाहिली असती. पण त्या महिन्यात आमच्याकडे जुलाब म्हटलं तरी पोटात गोळा यायचा. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडत होते. ‘जीबीएस’ हे नाव रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी होतं. आधी पोट बिघडतं, मग काही दिवसांनी पायांत मुंग्या येतात, जिना चढवत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू आढळले होते. दूषित पाण्यातून आणि नीट न शिजलेल्या कोंबडीतून ते पोटात जातात.

आमची दोन्ही मुलं चार दिवसांत खडखडीत बरी झाली. पण त्या चार रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. एकाची आई हिंगोलीहून रोज फोन करायची. ‘ताई, पाणी चांगलंय ना तुमच्याकडं?’ मी म्हणायचे, ‘अहो, जारचं आहे. आरओचं.’ तोवर मला हे उत्तर पुरेसं वाटत होतं. पुढच्या काही दिवसांत भागातल्या खासगी आरओ प्रकल्पांचे नमुने तपासले गेले, काहींच्या पाण्यात जंतू निघाले, प्रकल्प बंद झाले. आमचा जारवालाही यायचा थांबला. त्या माउलीला मी इतके दिवस कशाच्या भरवशावर उत्तर देत होते, हा प्रश्न मला पडला.

मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला सुरुवात केली. खळखळून उकळलेलं पाणी जंतूंपुरतं निर्धोक, यात शंका नाही. पण पंचेचाळीस जणांचं दोन वेळचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दीडशे लिटरच्या घरात जातं. उकळायचं कधी, निवायचं कधी आणि गॅस किती जाळायचा? यंत्र घ्यायचं ठरलं, आणि विक्रेत्यांची रांग लागली.

त्यातल्या एकाने ओट्यावर दोन ग्लास ठेवले. एकात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं एक उपकरण बुडवलं आणि बटण दाबलं. मिनिटभरात बोअरचं पाणी आधी पिवळट, मग तपकिरी झालं आणि वर शेवाळी गाळ तरंगू लागला. आरओचं पाणी तसंच नितळ. ‘बघा, हे पाजताय तुम्ही पोरांना,’ तो म्हणाला. माझे हातपाय गार पडले. त्या क्षणी त्याने सांगितला असता तो आकडा मी मोजून दिला असता.

शेवटच्या पंगतीला बसलेला फार्मसीचा एक मुलगा उठून आला. त्याने विक्रेत्याला नम्रपणे विचारलं, ‘आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकू का?’ आमच्याच डब्यातलं, रोज आमटीत पडणारं मीठ त्याने टाकलं, ढवळलं आणि बटण दाबलं. नितळ पाणी डोळ्यांदेखत तसंच तपकिरी झालं. नंतर त्याने मला समजावलं, ‘काकू, तो रंग पाण्यातल्या घाणीचा नाही, लोखंडाच्या कांडीचा आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि कांडी झिजते. आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून काही होत नाही. जंतूंचा याच्याशी काही संबंध नाही.’

विक्रेते दाखवतात त्या टीडीएस मीटरचंही तसंच. तो पाण्यातून वीज किती वाहते यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. नव्वद आकडा दाखवणाऱ्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू असू शकतात आणि सातशे दाखवणारं पाणी जंतूंपुरतं स्वच्छ असू शकतं. यंत्र निवडण्याआधी पाणी तपासायला हवं, हे मला त्या ओट्याशी कळलं.

प्रयोगशाळेने जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटल्या दिल्या. नळाचं तोंड आधी लायटरच्या ज्योतीने शेकायचं, पाणी दोन मिनिटं वाहू द्यायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, बाटली बर्फात ठेवून तासा-दोन तासांत पोचवायची. मी तीन नमुने नेले: घरचा नळ, घरची गच्चीवरची टाकी आणि खाणावळीचा बोअर.

अहवाल आला आणि एकाच रस्त्यावरच्या दोन जागांची दोन वेगळी दुखणी समोर आली. घरी येतं ते धरणाचं पाणी. टीडीएस ९५, मऊ, क्षारांची तक्रार नाही. नळाला क्लोरीनही होतं. पण गच्चीवरच्या टाकीत कोलिफॉर्म जंतू निघाले. बोअरमध्ये टीडीएस ७८०, कठीणपणा ४६० आणि नायट्रेट ५८. भारतीय मानकानुसार लिटरमागे टीडीएस ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. नायट्रेटची मर्यादा मात्र ४५, आणि तिथे सवलत नाही. नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे बोअरच्या पाण्यापुरता माझा उकळण्याचा खटाटोप अर्धाच उपयोगाचा होता.

रात्री घरी अहवाल वाचून दाखवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्या लहानपणी विहिरीचं पाणी चौपदरी फडक्यातून गाळल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. नारूची भीती.’ त्यांच्या थोरल्या भावाच्या पोटरीतून नारू निघाला होता, काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढत. या जंताच्या अळ्या पाण्यातल्या बारीक पिसवांमधून पोटात जायच्या, आणि त्या पिसवा फडक्यात अडकायच्या. फडकं, हातपंप, बुजवलेल्या पायविहिरी, यांच्या जोरावर नारू गेला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणित केलं. ऐकताना मला वाटलं, ते फडकं हे त्या पाण्याचं अचूक यंत्र होतं. जंतू त्यातून आरपार गेले असते, क्षारांना तर ते शिवलंही नसतं. पण त्या विहिरीचं दुखणं पिसवेचं होतं आणि औषध त्याच दुखण्याचं होतं.

मग निवड अवघड राहिली नाही. घरी आरओ घेतला नाही. मुळात मऊ असलेल्या पाण्यातले उरलेसुरले क्षार काढायचे आणि त्यापायी दुपटी-तिपटीने पाणी मोरीत सोडायचं, हे मला पटेना. ज्या पाण्याचा टीडीएस ५०० पेक्षा कमी आहे तिथे आरओला बंदी करा, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं. आधी टाकी घासून घेतली आणि मग गाळ अडवणारी कांडी, कार्बन, यूएफ आणि यूव्ही असलेलं साधं यंत्र बसवलं. यूएफच्या पडद्यात जंतू अडकतात, यूव्हीच्या प्रकाशाने उरलेले निकामी होतात.

खाणावळीत मात्र आरओच हवा होता, नायट्रेटसाठी. तासाला पन्नास लिटरचं यंत्र घेतलं आणि आरओनंतर यूव्ही आहे याची खात्री करून घेतली. ‘टीडीएस कंट्रोलर’ म्हणजे गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळणारी चावी, हे तेव्हा समजलं. ती यूव्हीच्या आधी असायला हवी, नाहीतर कच्च्या पाण्यातले जंतू थेट पेल्यात. बाहेर पडणारं पाणी बादल्यांनी मोजलं: एक बादली चांगल्या पाण्यामागे अडीच बादल्या. त्याला वेगळी टाकी केली. फरशी आणि संडास आता त्याच पाण्याने धुतले जातात. झाडांना मात्र घालत नाही, त्यात क्षार फार.

यंत्र बसवल्यावर पंधरा दिवसांनी मी पुन्हा बाटल्या नेल्या. एक यंत्राच्या नळाची, एक मुलं ज्यातून पाणी घेतात त्या स्टीलच्या पिंपाची. नळाच्या पाण्यात काही नव्हतं. पिंपातल्या पाण्यात कोलिफॉर्म होते.

अहवाल हातात घेऊन मी त्या पिंपासमोर उभी राहिले. साडेबाराची वेळ, मुलं येत होती. एक जण आला, पेला थेट आत बुडवून घेतला, बोटं पाण्यात. दुसरा आला, तसंच. कोपऱ्यात ओगराळं टांगलेलं होतं, त्याला कुणी हात लावत नव्हतं. बंद पडलेल्या प्रकल्पांचं कोडंही तिथे उलगडलं. कार्बनमधून गेलं की पाण्यातलं क्लोरीन निघून जातं. यूव्ही त्या क्षणापुरते जंतू मारतं, पाण्याबरोबर राखणदार धाडत नाही. त्यामुळे गाळलेलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही नाजूक. अस्वच्छ जार, न घासलेली टाकी, एका पोराची बोटं, काहीही त्याला पुरतं. ‘आरओचं आहे’ हे माझं उत्तर खरं होतं आणि तरीही अपुरं होतं.

त्याच दुपारी पिंप काढलं आणि तळाला नळ असलेली झाकणबंद टाकी आणली. ती दर रविवारी रिकामी करून घासली जाते. यंत्राशेजारी खिळ्याला वही टांगली आहे: कांडी बदलल्याची तारीख, यूव्हीचा दिवा वर्षाने बदलायचा त्याची तारीख, टाकी घासणाऱ्याची सही. दर तीन महिन्यांनी आणि पहिल्या पावसानंतर न चुकता बाटली प्रयोगशाळेत जाते. अहवाल जेवणाच्या फळ्याशेजारी लावते, चांगला असो वा वाईट.

नव्या वर्षाची मुलं आली तेव्हा लातूरच्या एका आईने तोच प्रश्न विचारला. मी यंत्राचं नाव सांगितलं नाही. पाणी कुठून येतं, त्यात काय होतं, ते कसं काढतो आणि पेल्यापर्यंत कसं पोचवतो, एवढं सांगितलं आणि शेवटच्या अहवालाचा फोटो पाठवला. त्या रात्री मला शांत झोप लागली.