कोणते यंत्र घ्यावे?

वस्तू विकत घेण्यात मोठा आनंद असतो, असे म्हणतात. असेलही, परंतु तो वस्तू घरी आल्यानंतरचा. घेण्यापूर्वीचे चार आठवडे ज्याने काढले आहेत, तो ह्या म्हणण्याला सहजासहजी मान डोलावणार नाही. त्यातून ती वस्तू संगणकाच्या जातीची असेल तर विचारूच नये! पूर्वी हा प्रश्न सोपा होता. संगणक म्हणजे टेबलावर ठाण मांडून बसलेली एक पेटी, तिच्यासमोर पडदा आणि पायाशी तारांचा गुंता. आज तेच काम मांडीवरचा लॅपटॉप करतो, हातातला टॅबलेट करतो आणि खिशातला मोबाइलही करतो. निदान त्या त्या वस्तूचा विक्रेता तसे छातीठोकपणे सांगतो.

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या शाळेपुढे उभा राहिला. एका माजी विद्यार्थ्याने, आपले नाव कोठेही छापू नये ह्या अटीवर, शाळेला दीड लाख रुपये पाठवले. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते, की मुलांना लिहिण्यावाचण्याच्या कामी येईल असे काहीतरी घ्यावे. देणगी घेणे सोपे असते, ती खर्च करणे कठीण! चौकशी केली तेव्हा कळले, की पंधरा हजारांचा एक ह्या हिशेबाने टॅबलेट घेतले तर दहा येतील आणि सदतीस हजारांचे हलके लॅपटॉप घेतले तर चार. झाले! मधल्या सुट्टीतला चहा शिक्षकांच्या खोलीत रोज थंड होऊ लागला.

ह्या यंत्रांच्या हलकेपणाचे मला प्रथमपासून कौतुक वाटत आले आहे. २००७ साली आसुस कंपनीने सात इंची पडद्याचा, एक किलोहूनही कमी वजनाचा 'ई पीसी' काढला. त्यापुढच्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज ह्यांनी कागदी लिफाफ्यातून लॅपटॉप बाहेर काढून जगाला दाखवला. त्याचे वजन होते १.३६ किलो. चाळीस वह्या पिशवीत घालून रोज बस पकडणाऱ्या माझ्यासारखीला ह्या दशांशांचे थोडे हसूच येते. पण त्यांच्यामागची करामत खरोखर मोठी आहे. पूर्वी लॅपटॉपच्या पोटात एक तबकडी गरगर फिरत असे, तबकड्या वाजवण्याचा खण असे आणि तापलेले यंत्र थंड करायला पंखा असे. फिरत्या तबकडीच्या जागी, जिच्यात काहीच हलत नाही अशी स्मृतिपट्टी आली, खण गेला, आणि २०२० साली ॲपल कंपनीने मोबाइलच्याच कुळातली, थोड्या विजेवर चालणारी चीप लॅपटॉपमध्ये बसवली, तेव्हा तिच्या सर्वांत हलक्या यंत्रातून पंखाही गेला. म्हणजे मोबाइल मोठा होता होता लॅपटॉपच्या शेजारी येऊन बसला, आणि लॅपटॉप बारीक होता होता मोबाइलच्या. टॅबलेटला ह्या दोघांच्या मधले स्थान २०१० साली आयपॅडने मिळवून दिले. आपल्या सरकारनेही २०११ मध्ये विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' नावाची स्वस्त टॅबलेट आणली होती. तिचा पडदा नुसत्या स्पर्शाने नव्हे, तर बोटाच्या दाबाने चालणारा होता. नाव आकाशाचे, पण त्या नावाला साजेशी झेप काही तिला घेता आली नाही.

मोबाइलविषयी मी तुच्छतेने बोलणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आमचे वर्ग ह्याच चिमुकल्या यंत्राने चालवले. घरात मोबाइल एक आणि शिकणारी मुले तीन, अशी घरे माझ्याच वर्गात होती. संपर्क मिळावा म्हणून छत्री घेऊन टेकडीवर जाऊन बसणारी मुलेही होती. आणि आमचे सासरे तर ह्या यंत्रावर लुब्धच आहेत. वय ऐंशीच्या घरात, बोटे थरथरतात. म्हणून ते लिहीत नाहीत, बोलतात. बोललेली मराठी लिहून घेण्याची सोय २०१७ पासून मोबाइलमध्ये आहे. अडचण इतकीच, की ते बोलतात कोंकणी आणि यंत्र ऐकते मराठी! मुंबईच्या लेकीला त्यांनी एकदा सांगितले, "हांव येतां." म्हणजे, मी येतो. पडद्यावर उमटले, "हाव येता". नणंदेचा फोन ताबडतोब आला, बाबांना कसली हाव सुटली म्हणून! तरीही ऐंशीच्या घरातला माणूस लेकीला आपण होऊन निरोप पाठवतो, हे मी लहानसहान मानत नाही.

तेव्हा वाद मोबाइल चांगला की वाईट, हा नव्हताच. आमचे गणिताचे सर टॅबलेटच्या बाजूचे. त्यांचे म्हणणे मुद्देसूद होते. दहा यंत्रे म्हणजे पाळीपाळीने साऱ्या वर्गाच्या हाती यंत्र येईल. लेखणीने पडद्यावर वर्तुळ काढता येते, समीकरण सोडवता येते. आणि कळफलक शिकण्यात महिना जायला नको. वाचनासाठी आणि आकृतीसाठी टॅबलेटइतके सोयीचे दुसरे यंत्र नाही, हे मलाही मान्य होते. पाने उलटावीत तशी ती उलटते, आणि पोथीसारखी समोर ठेवता येते. परंतु मुख्याध्यापकांनी एक निराळाच प्रश्न टाकला. ते म्हणाले, "मुलांना काय मिळेल हे राहू द्या. आज त्यांच्यापाशी काय नाही, ते मला सांगा."

ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्या टेबलावर पडले होते. वार्षिकाच्या अंकासाठी नववीतल्या एका मुलीने आपल्या आजीच्या कुळागरावर लेख लिहिला होता. तिची आई औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला जाते आणि रात्री आठला परतते. आई आली की मोबाइल येणार; तो आला की मुलगी लिहायला बसणार. तिचा लेख माझ्याकडे अकरा निरोपांच्या तुकड्यांत आला. पहिल्या सहा तुकड्यांत सुपारीची, केळीची आणि मिरवेलीची माहिती होती. सातव्यात पाटाचे पाणी शिपणारी आजी अकस्मात जिवंत होऊन उभी राहिली. त्यानंतर पुन्हा माहिती. मी तिला म्हटले, "अगं, हा सातवा तुकडा आरंभी हवा होता." ती खाली मान घालून म्हणाली, "बाई, बरयतना वयलें दिसना." लिहिताना वरचे दिसत नाही!

तिने अगदी वर्मावर बोट ठेवले होते. मोबाइलवर लिहू लागले की अर्धा पडदा कळफलकच गिळून टाकतो. उरलेल्या जागेत पाचसहा ओळी मावतात. बाकीचा लेख वरच्या अंधारात नाहीसा होतो. जे दिसत नाही ते हलवायचे कसे, आणि खोडायचे तरी कसे? टॅबलेटचा पडदा मोठा, पण त्याचीही थोडीबहुत हीच गत. तिला वेगळा कळफलक जोडता येतो, नाही असे नाही. मात्र चांगला कळफलक आणि टेकू ह्यांची किंमत मिळवली की पंधरा हजारांची वस्तू वीस हजारांकडे धावू लागते, आणि ती मांडीवर धड उभीही राहत नाही. निबंध लिहायचा म्हणजे लिहिलेले पुन्हा वाचायचे, शेवटचे पहिले करायचे, निम्मे काढून टाकायचे. त्यासाठी रुंद पडदा आणि दहाही बोटांना पुरेल असा कळफलक लागतो. मोबाइल बहुतेक घरांत आहे. हे दोन्ही मात्र नाहीत. मी मुख्याध्यापकांना ते अकरा निरोप दाखवले.

अखेर तीन लॅपटॉप आणि दोन टॅबलेट घ्यायचे ठरले. एक लाख एकेचाळीस हजार खर्च झाले. उरलेल्या नऊ हजारांत जाड पिशव्या, कुलपाचे कपाट आणि आमच्या पावसाळ्यातील दमटपणावर उपाय म्हणून ओलावा शोषणाऱ्या पुड्या आल्या. चित्रकलेच्या सरांनी देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या कापून कळांवर बसवल्या. मराठीसाठी आम्ही इनस्क्रिप्ट पद्धत घेतली: बहुतेक स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. तीच पद्धत कोंकणीलाही चालते, म्हणून शिकण्याचे कष्ट एकदाच. मुलांना महिना लागेल हे सरांचे भाकीत मात्र खोटे ठरले. दीड महिना लागला.

कुळागरावरचा तो लेख ह्याच अंकात आहे. मुलीने तो शाळा सुटल्यावर चार दिवस बसून नव्याने लिहिला. आजी आता पहिल्याच परिच्छेदात भेटते, आणि मिरवेलीची निम्मी माहिती लेखिकेने स्वतःच गाळली आहे. गणिताचे सर तो वाचून बरे म्हणाले. दहा टॅबलेट आले असते, असे मात्र ते अजूनही म्हणतात.