जबरदस्ती कुणीच करत नाही...

युटामध्ये राहून आता बरीच वर्षं झाली. आमच्या गल्लीत बहुतेक घरं मॉर्मन. माणसं मायाळू, बर्फ पडला की न सांगता आमच्या दारातलाही उपसून जातात.

या समाजात मुलगा 18 चा झाला की दोन वर्षं धर्मप्रसाराला जातो. 2012 पर्यंत हे वय 19 होतं. कुठे जायचं ते चर्च ठरवतं, खर्च बहुतेकदा मुलाचा नाहीतर घरच्यांचा. 2019 पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच: नाताळ आणि मदर्स डे.

सक्ती? छे! पण भेटेल तो विचारतो, "मग, कधी निघणार?" नाही म्हटलं की आईबापांची मान खाली, लग्न जमायलाही अडचण. अर्ध्यातून परतलेल्याचं तर विचारूच नका. आजारी पडून आला तरी कुजबुज होतेच.

मनापासून जाणारेही खूप आहेत, हे मान्य. नवी भाषा, नवी माणसं, स्वतःचे कपडे स्वतः धुणं, सगळं शिकून येतात. पण 'नाही' म्हणायची किंमत एवढी असेल, तर 'हो'ला निवड म्हणायचं का?

आपण हसायचं कारण नाही. दहावीला 90 टक्के पडले की सायन्सच, हे तरी आपल्याकडे कुणी सक्तीने सांगतं का? पोरगं नाही म्हणालं, की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटावर आपण त्याच्याशी कसं बोलतो, त्यावरून कळतं मोकळीक किती खरी होती ते.