‘आलोच’चा काळ

मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की आतून हाक आली म्हणजे तो ‘आलोच’ असे उत्तर देतो आणि अजून जागचा हललेलाही नसतो. क्रियापदाचे रूप भूतकाळाचे, क्रिया भविष्यातली आणि वर निश्चय दाखवणारा ‘च’. व्याकरणातील काळ आणि प्रत्यक्षातील काळ एकच नसतात, हे वर्गात सांगताना हे उदाहरण मला पुष्कळ वर्षे पुरले. अलीकडे मी त्याला आणखी एक उदाहरण जोडतो. ते ऐकून तुमच्यापैकी काहींच्या भुवया उंचावतील. ते आहे व्हिडिओ गेमच्या घोषणांचे.

मी पन्नाशी ओलांडलेला भाषाविज्ञानाचा प्राध्यापक आहे आणि व्हिडिओ गेम खेळतो. मुलांच्या निमित्ताने नव्हे, स्वतःसाठी. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला ठेवल्यावर तासभर कन्सोलपुढे बसणे मला आवडते आणि नवे काय येणार आहे, याच्या बातम्या मी नेमाने पाहतो.

‘येईल’ आणि ‘येणार आहे’ यांतील फरक तुम्ही अभ्यासला असेल. ‘पाऊस येईल’ यात बोलणाऱ्याचा अंदाज आहे. ‘पाहुणे येणार आहेत’ यात काही ठरलेले आहे. गेमच्या घोषणा नेहमी दुसऱ्या रूपात होतात. पुष्कळदा त्यांचा अर्थ मात्र पहिल्या रूपाचा असतो. २०१७ च्या जूनमध्ये निन्टेन्डोने ‘मेट्रॉइड प्राइम ४’ येणार असल्याचे जाहीर केले. पडद्यावर दाखवले ते केवळ नाव. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीनेच सांगितले, की झालेले काम अपेक्षेला उतरलेले नाही, ते नव्याने सुरू करावे लागेल. गेम हाती पडला ४ डिसेंबर २०२५ रोजी. ‘सायबरपंक २०७७’ची घोषणा २०१२ ची. तिच्या प्रकाशनाची तारीख एकट्या २०२० सालात एप्रिलवरून सप्टेंबर, सप्टेंबरवरून नोव्हेंबर आणि नोव्हेंबरवरून डिसेंबर अशी सरकली. शेवटी गेम आला तो इतका सदोष, की सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि ग्राहकांना पैसे परत देऊ केले.

जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने दाखवून दिले, की काही वाक्ये माहिती देत नाहीत, ती उच्चारणे हीच एक कृती असते. वचन देणे ही तशी कृती. तिला अटी असतात. वचन पाळण्याचा हेतू हवा आणि ते पाळणे आपल्या आवाक्यातही हवे. घोषणा वचनासारखी दिसते, लोक तिच्या भरवशावर आगाऊ पैसे भरतात, पण चुकल्यावर कंपनी तिला अंदाज म्हणते. माझा आक्षेप या दुटप्पीपणावर आहे. उशिराबद्दल माझी तक्रार नाही. चांगले काम वेळ घेते.

मग घोषणा आणि आगमन एकाच दिवशी व्हावे का? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विचवर असाच आला. ‘आजपासून मिळेल’ एवढेच सांगितले गेले. मला ते फार आवडले. परंतु १९९५ सालचे उदाहरण विसरता येत नाही. मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या पहिल्या ‘ई-३’ प्रदर्शनात सेगाने आपला ‘सॅटर्न’ कन्सोल ३९९ डॉलरला आजपासूनच निवडक दुकानांत मिळेल असे जाहीर केले. गेम पुरेसे तयार नव्हते आणि वगळलेले दुकानदार संतापले. सोनीचे वक्ते व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढा आकडा उच्चारला आणि खाली उतरले. एका संख्याविशेषणाचे इतके प्रभावी भाषण मला दुसरे ठाऊक नाही.

नावांविषयीही दोन शब्द. निन्टेन्डोच्या ‘वी’नंतर ‘वी यू’ आला, तेव्हा हा नवा कन्सोल आहे की जुन्याचाच जोड, हे अनेकांना कळले नाही. ‘वी’ १० कोटींहून अधिक विकला गेला, ‘वी यू’ जेमतेम १ कोटी ३५ लाखांच्या आसपास. नाव हे त्याचे एकमेव कारण नव्हे, पण मोठे कारण होते. जून २०२५ मध्ये आलेल्या ‘स्विच २’चे नाव साधे आहे, म्हणून मला ते पसंत आहे.

त्याच ‘स्विच २’ची एक गोष्ट मात्र मला पटत नाही. त्याची काही कार्डे अशी आहेत, की त्यांत गेम नसतोच, असते ती फक्त किल्ली. कार्ड घालायचे आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. आता मराठीकडे पाहा. ‘मला दोन भाऊ आहेत’ आणि ‘माझ्याकडे दोन पुस्तके आहेत’. नात्याला एक रचना, वस्तूला दुसरी. वस्तू आज माझ्याकडे असते, उद्या तुमच्याकडे जाऊ शकते, ही देवघेव त्या ‘कडे’मध्येच सामावलेली आहे. किल्लीचे कार्ड निदान दुसऱ्याला देता तरी येते. पण कंपनीने तो साठा बंद केला, की हाती प्लास्टिकचा तुकडा उरतो. केवळ उतरवून घेतलेला गेम तर कोणाला देताही येत नाही. तो ‘माझ्याकडे’ आहे असे म्हणताना माझी जीभ अडखळते. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने वापरलेल्या डिस्कवर निर्बंध घालण्याचे ठरवले, तेव्हा सोनीने एक छोटीशी चित्रफीत काढली. एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, संपले. लोकांचा रोष पाहून मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच निर्णय फिरवला. त्याच सोनीचा २०२४ मधील ‘प्लेस्टेशन ५ प्रो’ डिस्क चालवण्याच्या सोयीविना आला. ती हवी असेल तर वेगळे पैसे. यावर तेवढा रोष मला दिसला नाही. ग्रंथालयातून पुस्तके आणून शिकलेल्या माणसाला हे सहज पचत नाही.

आपल्याकडे तर ‘आलोच’ अधिकच लांबते. ‘प्लेस्टेशन ५’ अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी, ४९,९९० रुपयांना. सध्या सगळे ज्याची वाट पाहत आहेत, त्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ६’ने डिसेंबर २०२३ मध्ये ‘२०२५’ म्हटले, मग २६ मे २०२६ आणि त्यानंतर १९ नोव्हेंबर २०२६. मेमधील तारीख प्राध्यापकांच्या उन्हाळी सुटीत बसत होती. नोव्हेंबरमधील बसेल की नाही, हे विद्यापीठाच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे, आणि तेही नेहमीप्रमाणे ‘येणार आहे’.