पाणी आज कोणत्या भागाला?

ऊसतोडीला निघताना आमचे दादा एखादी गोष्ट विसरायचे, पण रेडिओचे सेल विसरत नसत. कारखान्यावरच्या कोपीत पहाटे चुलीआधी रेडिओ लागायचा. म्हणूनच नांदूरघाटची ही पोर एका शहरात खासगी एफएमवर आरजे झाली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. आमच्या केंद्राच्या लहरी गावापर्यंत पोचत नव्हत्या. मग ऑफिसातला एक सहकारी मोबाईल स्पीकरजवळ धरायचा आणि दादा तिकडं फोनवर माझा आवाज ऐकायचे.

खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पण 2011च्या सरकारी एफएम धोरणानं पाणी, वीज, परीक्षा, हवामान यांच्या सूचना द्यायला मोकळीक दिली. दुष्काळी मुलखातली मी. पाण्यावरच जीव ओतला. रोज सहा वाजता व्हॉल्व्हमनला फोन, वहीत भागवार वेळा, आणि सातच्या आधी ‘आज पाणी कोणत्या भागाला’. बायका त्यावरून कामावर निघायची वेळ ठरवायच्या.

त्याच धोरणानं एका कंपनीच्या अनेक केंद्रांवर एकच कार्यक्रम लावायलाही परवानगी दिली होती. त्याचा अर्थ आम्हाला उशिरा कळला. 2019मध्ये बिग एफएम ही खासगी वाहिनी रेडिओ सिटीच्या कंपनीकडं जाणार, असं जाहीर झालं. आमचा त्यात काही संबंध नव्हता, तरी डब्याच्या वेळी दुसरा विषय नसायचा. 2020मध्ये तो व्यवहार बारगळला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

पुढं आमचंच केंद्र विकलं गेलं. मुंबईहून पडद्यावर बैठक झाली, वीस मिनिटांची. सकाळचा कार्यक्रम आता तिकडूनच येणार. जाहिराती विकणारे दोघं राहिले, कारण दुकानदार इथले. बोलणारे आम्ही सगळे गेलो. हे मला आजही सहन होत नाही: गावाकडून पैसा घ्यायला माणूस हवा, गावाशी बोलायला नको.

जूनचा पहिला आठवडा होता. शहरात आठव्या दिवशी पाणी येत होतं आणि स्पीकरवर मुंबईचा आवाज म्हणत होता, काय मस्त पाऊस आहे, भजी तळा.

सरकारी रेडिओवरही असंच होऊ घातलं होतं. 2023च्या जूनमध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. पुणेकर बोलले, आदेशाला स्थगिती मिळाली. ती बातमी वाचताना माझे डोळे भरून आले. तिथं निदान विचारणारं कुणीतरी होतं.

आमच्याकडं मात्र, केंद्र सोडताना मी टेबल आवरत होते त्या दिवशी, स्टुडिओतला फोन वाजला. पलीकडं एक आजी.

“बाई, दोन दिस झाले, तुम्ही पाण्याचं सांगत न्हाई. आज कुठं हाय?”

वही पिशवीत गेली होती. काढली, व्हॉल्व्हमनला फोन लावला, आणि आजींना परत फोन करून त्यांच्या गल्लीची वेळ सांगितली.

“मग उद्या रेडिओवर सांगता ना?” त्यांनी विचारलं.